लॉगिनच्या आधी आंघोळ

माझी आई घरून काम करायची. तेव्हा त्याला वर्क फ्रॉम होम म्हणायची पद्धत नव्हती, विड्या वळायला बसली म्हणायचे. निपाणीत आमच्या गल्लीत दर दोन घरांआड एक तरी बाई उंबऱ्यापाशी मांडीवर सूप घेऊन बसलेली असायचीच. भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याचं माप, कात्री, दोरा आणि तंबाखू, आणि मजुरी हजारावर. म्हणजे मध्ये उठलं की तेवढ्या विड्या कमी, तेवढे पैसे कमी. आणि तरीसुद्धा आईचा एक नियम कधी मोडलेला मला आठवत नाही, आंघोळ केल्याशिवाय ती सुपाला हात लावायची नाही. पहाटे बंब पेटवायचा, सगळ्यात आधी स्वतःची आंघोळ, मग आमची उठवाउठव. ती म्हणायची एकदा बसले की मला कोण उठू देणार हाय, म्हणून आधी मी. आणि संध्याकाळी सूप उचललं की कोपरापर्यंत साबणानं हात, नखांतली तंबाखू काडीनं काढून, कामावरचं पातळ सोडून दुसरं नेसून मगच चुलीपाशी. तंबाखूच्या हातानं तिनं आम्हाला कधी घास भरवला नाही.

हे सगळं मला आत्ता आठवायचं कारण म्हणजे मी स्वतः मार्च 2020 पासून घरून काम करते. ऑफिस पुण्याचं, घर बेळगावात वडगावला, घरात सहा माणसं आणि बाथरूम एक. आणि इतकी वर्षं माझा दिवस आईच्या बरोब्बर उलटा चाललेला.

सकाळी साडेपाचला उठायचं, नळाचा दिवस असेल तर पाणी भरायचं (आमच्या भागात रोज पाणी येत नाही, बेळगावकरांना हे सांगायची गरज नाही, राकसकोप धरण भरलं का हे आपण पेपरात पहिल्यांदा बघतो), मग मुलाचा डबा, नवऱ्याचा डबा, सासऱ्यांची शुगरची गोळी आणि नाश्ता, आणि बघता बघता पावणेनऊ. नऊला कॉल. मग काय, गाऊनवर ओढणी घ्यायची, केस क्लिपमध्ये, कॅमेऱ्यात खांद्याच्या वर जेवढं दिसतं तेवढं ठीक करायचं आणि बसायचं. आंघोळ नंतर करू, कॉल झाल्यावर करू, अकराला करू, जेवायच्या आधी करू, असं म्हणत म्हणत कित्येक दिवस चार वाजलेत. दिवेलागणीला आंघोळ केलेले दिवससुद्धा आहेत, आणि तेही एकदोन नाहीत.

घरून काम करणारे आळशी झालेत, आंघोळ करत नाहीत, दिवसभर नाइट पँटवर असतात, असं लोक सर्रास बोलतात आणि त्यावर हसतात. मला ते वाचलं की वाईट वाटतं. एकटा राहणारा एखादा मुलगा कंटाळा करत असेल, नाही म्हणत नाही. पण माझ्या ओळखीतल्या ज्या बायका घरून काम करतात त्यांच्यातली एकही आळशी नाहीये ओ, साडेपाचपासून पायावर उभी असलेली बाई आळशी कशी होईल? ऑफिसला जात होतो तेव्हा निदान घराबाहेर पडायचं आहे म्हणून घरातले लोक बाथरूम मोकळं करून द्यायचे, तिला उशीर होईल तिला आधी जाऊ दे. आता म्हणतात, तू घरातच आहेस की, तुझं कधीही होतंय. आणि ते कधीही म्हणजे कधीच नाही. सगळ्यांच्या टाइमटेबलमध्ये आपली आंघोळ शेवटची, आणि सगळ्यात जास्त आपणच ती शेवटी ढकललेली.

त्याचा परिणाम काय झाला तेही सांगते, लाजायचं काही कारण नाही. मागच्या पावसाळ्यात मला कमरेला आणि मांडीच्या आतल्या बाजूला गजकर्ण झालं. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जून ते सप्टेंबर दोरीवरचे कपडे तीन तीन दिवस वाळत नाहीत, अर्धवट ओले आतले कपडे घालायचे आणि तेच घालून आठ-नऊ तास रेक्झिनच्या खुर्चीत बसायचं. ही बुरशी असते, तिला गरम आणि ओलसर जागा मिळाली की झालं. मी काय केलं तर जवळच्या मेडिकलमधून ट्यूब आणून लावली. दोन दिवसांत खाज थांबली, लाली गेली, मला वाटलं सुटले. लावायचं थांबवलं की परत, आणि आधीपेक्षा मोठं, असं दीड महिना चाललं, आणि मग एक दिवस मुलाला आंघोळ घालताना त्याच्या कमरेवर गोल चट्टा दिसला. मी त्याला माझ्याच टॉवेलनं पुसत होते. त्या दिवशी मी बाथरूममध्येच बसून रडले.

कातडीच्या डॉक्टर बाईंनी ट्यूब बघितली आणि मागचं बारीक अक्षर मला वाचायला लावलं. त्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड होतं. स्टिरॉइडनं खाज आणि लाली दबते म्हणून बरं वाटतं, पण कातडीची लढायची ताकदही दबते आणि बुरशी आतून पसरत राहते. 2018 साली सरकारनं अशी बरीच स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलंय, तरी मागितली की मिळतात, मला मिळाली. कृपा करून खाजेसाठी अशी ट्यूब स्वतःच्या मनानं आणू नका. आणि डॉक्टरनं दिलेलं औषध चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा, मध्ये सोडलं की ते परत येतं.

बाईंनी मला दुसरा प्रश्न विचारला, आंघोळ किती वाजता करता? मी काहीच बोलले नाही. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की घामाला स्वतःचा वास फारसा नसतो, कातडीवरचे जंतू तो घाम खातात त्याचा वास येतो, आणि तुम्ही एसीत बसा नाहीतर घरात, जांघेत, काखेत, स्तनांखाली घाम येतोच. घराबाहेर पडलो नाही म्हणजे अंग मळलं नाही असं नसतं.

आणि दुसरी एक गोष्ट जी कुणी बोलत नाही. लघवी. ऑफिसमध्ये उठून जाताना कुणाला काही वाटत नव्हतं. घरी कॉलवर कॉल असतात, कॅमेरा चालू, उठलं की दिसतं, आणि दोन कॉलच्या मधल्या पाच मिनिटांत कुकर लावायचा असतो. म्हणून मी पाणीच कमी प्यायला लागले. दुपारपर्यंत एक तांब्या पण नाही. बायकांची मूत्रनलिका आखूड असते, जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात, त्यात लघवी तुंबवून ठेवायची आणि पाणी कमी, मग जळजळ होणार नाही तर काय होणार. माझ्या एका मैत्रिणीला तर ताप भरून ॲडमिट व्हावं लागलं. पाळीच्या दिवसांतही तेच, चार-सहा तासांनी पॅड बदलायचं हे शाळेपासून माहीत असतं, पण सकाळी घातलेलं पॅड दुपारी तीनला बदललंय असं मला स्वतःला झालेलं आहे, ऑफिसच्या कामाची डिलिव्हरी होती म्हणून. कुठली डिलिव्हरी एवढी मोठी असते, सांगा मला.

आता आमच्या घरात काय बदललं ते. सगळं एका दिवसात झालं नाही, थोडी भांडणं पण झाली. सहा टॉवेल, सहा रंगांचे, ज्याचा त्याचा, आणि कुणी कुणाचा घ्यायचा नाही. पावसाळ्यात आतले कपडे दोरीवरून काढले की गरम इस्त्री फिरवल्याशिवाय घालायचे नाहीत, आणि ऊन पडलं की आधी ते गच्चीवर, चादरी मागून. आंघोळ झाली की अंग, विशेषतः जांघ आणि बोटांच्या बेचक्या, कोरडी करून मगच कपडे. मुलाचा डबा आता नवरा भरतो, पहिले पंधरा दिवस भाजीत मीठ जास्त होतं पण मुलगा जगला. आणि नळ येणार नसेल त्या दिवशी सुद्धा एक बादली माझ्या नावाची बाजूला, भांडी घासायलासुद्धा तिला हात लावायचा नाही हे सासूबाईंनी स्वतः सांगितलं. त्यांनी ते सांगितल्यावर घरात बाकी कुणी काही बोललं नाही.

कामाच्या टेबलावर जेवायचं मी बंद केलं. सकाळी भाजी चिरलेले हात, मग कीबोर्ड, मग त्याच हातानं पोळी, परत कीबोर्ड, विचार करा त्या बटणांत काय काय जात असेल. कोरोनात आपण वीस सेकंद हात घासत होतो, भाजीच्या पिशव्यासुद्धा धुवत होतो, आता जेवायच्या आधी नुसते हात ओले करून येतो. हेडफोनच्या कानावरच्या गाद्या आठवड्यातून दोनदा पुसते, माझ्या कानामागे पुरळ येत होतं ते त्याच्यानं गेलं. दात रात्री पण घासते, कारण घरी असलं की चहा चार वेळा होतो आणि प्रत्येक चहाबरोबर बिस्किट नाहीतर फरसाण.

आमच्या शेजारी एक कन्नड आजी आहेत. रोज सकाळी गॅलरीतून मला विचारतात, जळका आतेनव्वा? आंघोळ झाली का गं बाई. आमच्या इकडे म्हाताऱ्या बायका हे असंच विचारतात, जेवलीस का विचारल्यासारखं, आणि इतकी वर्षं मला त्याचा थोडा राग यायचा, की ह्यांना काय करायचंय. आता वाटतं दिवसभरात माझ्या अंगाची चौकशी करणारं ते एकच माणूस होतं.

आणि ऑफिसचं. कॅलेंडरमध्ये मी सकाळी सव्वाआठ ते पावणेनऊ ब्लॉक करून ठेवलं आणि अकरा, एक, चार ह्या वेळांना दहा दहा मिनिटं. मॅनेजरनं विचारलं हे काय आहे, मी सरळ लिहिलं, सकाळची आंघोळीची वेळ आहे आणि बाकीच्या बाथरूमला जायच्या. पाठवून झाल्यावर माझे हात थरथरत होते. त्यांचं उत्तर आलं, ओके. पुढच्या सोमवारी बघितलं तर टीममधल्या अजून दोघींच्या कॅलेंडरमध्ये त्याच वेळा ब्लॉक केलेल्या दिसल्या, नाव काहीच दिलेलं नव्हतं. मी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, नऊला बसतीस तर सव्वाआठ उशीर होतंय, सहाला कर की, बंबातलं पहिलं पाणी आपलं.