पायी तुळजापूर आणि रस्त्याकडेची उघडी दारं

कोजागिरीच्या टायमाला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांचे फोटो सगळीकडं दिसायला लागतात. भगवे झेंडे, कपाळाला मळवट, गळ्यात कवड्यांची माळ आणि खाली "आई राजा उदो उदो". छानच असतात फोटो, मी बी टाकते. पण आज मला बोलायचंय ते फोटोत न येणाऱ्या माणसांबद्दल, म्हणजे त्या रस्त्याच्या कडेला ज्यांची घरं आहेत त्यांच्याबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानी पलंगावर श्रमनिद्रा घेते आणि पौर्णिमेला परत सिंहासनावर येते, तेव्हा तिथं पोचायचं म्हणून सोलापूरकडून, कर्नाटकातून, तेलंगणातून आणि आपल्या लातूर भागातून लोक चालत निघतात. सोलापूर-तुळजापूर रस्ता तर त्या दिवसांत गाड्यांना बंदच करतात एवढी गर्दी असते. आमचा कॉलनीतला ग्रुप लातूरहून निघतो, औसा, बेलकुंड, उजनी, काक्रंबा असं करत तुळजापूर, पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. ऊन सोसत नाही म्हणून चालणं जास्त रात्रीचंच.

आता रस्त्यात खायची काही कमी नसते. मंडळांचे स्टॉल असतात, चहा, केळी, खिचडी, वर मोठा बॅनर आणि त्यावर नेत्यांचे फोटो. त्यांना मी नावं ठेवत नाही, हजारो लोकांचं पोट भरतं त्यानं. पण बायकांना विचारा चालताना सगळ्यात मोठी अडचण कसली असते. भूक नाही, पाय दुखणं बी नाही. संडास-बाथरूम. दोन्हीकडं सोयाबीनची रानं काढून झालेली, आडोसा म्हणून काही नाही, वरून टिपूर चांदणं आणि रस्त्यानं माणसांची रीघ. कितीतरी बायका त्या भीतीनं दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग पुढं चक्कर येऊन पडतात, हे मी डोळ्यानं बघितलंय.

तर बेलकुंडच्या पुढं रस्त्याला लागूनच एक शेतातलं घर आहे. मध्यरात्र उलटून गेलेली. दारात एक बल्ब लावलेला आणि त्या घरची सून रस्त्यावर येऊन हाका मारायली होती, "बायाहो, संडासला जायचं असंल तर या, पाणी हाय." बस्स, एवढंच. आम्ही गेलो तर अंगणात आधीच बायकांची लाईन. एका बाजूला सोयाबीनची रास ताडपत्री टाकून झाकलेली, हडंबा (मळणीचं मशीन) तिथंच उभा, म्हणजे घरच्यांची दिवसभर मळणी चाललेली असणार आणि सकाळी उठून परत तेच. तरी ती पोरगी हौदातून बकेट भरून दाराशी ठेवायली, एक बाई बाहेर आली की दुसरी बकेट.

एक बकेट पाणी म्हणजे काय हे आपल्या लोकांना सांगायची गरज नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलंय लातूरला. त्या उन्हाळ्यात आम्ही पाहुण्याला पाण्याचा ग्लास देताना बी अर्धाच भरून द्यायचो. त्या भागातलं घर रात्रभर अनोळखी बायकांसाठी हौद मोकळा सोडतंय, ही गोष्ट मला कुठल्याही अन्नछत्रापेक्षा मोठी वाटते.

मी लंगडत होते ते त्या घरच्या म्हातारीनं बघितलं. "पाय दावा बरं." मी म्हणलं राहू द्या मावशी, घाण हायत पाय. तर म्हणाली "मातीच हाय की ती" आणि खाली बसून माझा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. तळव्याला हा एवढा फोड आलेला. तिनं सुई चुलीच्या जाळावर धरली, दोऱ्याला हळद आणि तेल लावलं आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढली, दोरा मात्र आतच ठेवला. पाणी हळूहळू त्या दोऱ्यानं झिरपून जातं आणि वरची कातडी निघत नाही. मग पायाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि म्हणाली दोरा ओढू नका, वाळला की आपोआप निघल.

मी म्हणलं मावशी, एवढं कशाला करताव आमच्यासाठी. तर तिनं काय सांगावं! तिचं माहेर किल्लारीकडचं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे भूकंप झाला. तिच्या माहेरची तीन माणसं दगडामातीच्या भिंतीखाली गेली. ही धावत पळत तिकडं गेली आणि मग किती दिवस पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. "कुठून कुठून टरकं यायची माय, भाकरी बांधून दिलेल्या, लुगडी, भांडी. कोन लोक हुते ते अजून ठावं न्हाई. त्येंनी बी आमाला इचारलं न्हाई तुमी कोन म्हनून."

आणि खरंच, त्या सगळ्या वेळात त्या घरात कुणी मला आडनाव विचारलं नाही. हे मला मुद्दाम लिहायचंय. आपल्याकडं नवीन माणूस भेटलं की दुसराच प्रश्न आडनावाचा असतो, आणि आडनावावरून नाही कळलं तर "म्हणजे कोणत्यातले?" मधल्या काळात तर आरक्षणाच्या वादावरून असं झालं की वर्षानुवर्षं एका पारावर बसणारी माणसं एकमेकांच्या दुकानात जाईनाशी झाली, फोनमधले ग्रुप वेगळे झाले, लग्नाच्या पत्रिका बंद झाल्या. मला त्याचा फार त्रास होतो. आणि त्याच जिल्ह्यात, त्याच रस्त्यावर, रात्री कुणी कोण आहे न विचारता घरातल्या बाथरूमपर्यंत आत घेतंय.

काही जण म्हणतात, त्यात काय, देवीच्या नावानं करतात, पुण्य लागतं म्हणून. असंल बी. पण पुण्य केळ्याचा घड वाटून बी लागतं ना. स्वतःची झोप मोडून परक्या बायकांसाठी पाणी भरायचं, कुणाचाबी पाय मांडीवर घ्यायचा, त्याला पुण्याच्या पलीकडचं काहीतरी लागतं. त्या म्हातारीनं ते शेडमध्ये राहून घेतलंय असं मला वाटतं.

म्हणूनच आपण चालणारे मागं काय ठेवून जातो ते बघून जीव जळतो. प्लास्टिकचे ग्लास, द्रोण, पाण्याच्या बाटल्या, सगळं त्याच लोकांच्या रानात उडत जातं, नंतर जनावरांच्या तोंडात जातं. घर उघडं केलं म्हणून कुणी आत जाऊन घाण करून यावी? बाथरूम वापरून पाणी न टाकता निघून गेलेल्या बायका बी मी बघितल्यात, आणि त्यांच्या मागून ती सून काही न बोलता पाणी टाकायली. तिथं मला कसंतरीच झालं.

यावेळेस ग्रुपमध्ये ठरलंय. प्रत्येकानं स्वतःचा स्टीलचा ग्लास आणि ताट घ्यायचं, कचऱ्याची पिशवी टेम्पोत राहील, सुई-दोरा-हळद माझ्याकडं. ज्या घरात जाऊ तिथं निघताना हौदात जेवढं वापरलं तेवढं पाणी भरून द्यायचं, त्यासाठी टेम्पोत दोनशे लिटरची टाकी ठेवतोय. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी दसऱ्याच्या आत सांगा, आणि ग्लास खरंच आणा, तिथं गेल्यावर मागू नका.