सगळी स्टेशनं बीचिंगच्याच माथी?

‘ब्रिटनमध्ये गावोगावी अगदी वेशीवर रेल्वे स्टेशन होतं. १९६३ साली डॉ. बीचिंग नावाच्या एका अधिकाऱ्याने ती सगळी एका फटक्यात बंद केली, शहरांना मात्र हात लावला नाही.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय, सोबत वेलींनी गिळलेल्या फलाटाचा फोटो. फोटो झकास आहे. मजकुराचं काही खरं नाही.

वेशीवर स्टेशन? नाशिक रोडला उतरून नाशिक गाठणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. स्टेशनाच्या नावात ‘रोड’ आलं की गाव लांब, ही खूण ब्रिटिश कंपन्यांचीच. कॉर्नवॉलमधलं बॉडमिन रोड बॉडमिनपासून साडेपाच किलोमीटरवर होतं. उत्तर इंग्लंडमधलं डेंट स्टेशन तर डोंगरात साडेअकराशे फुटांवर, आणि गाव पार खाली दरीत. कंपन्यांनी रूळ टाकले ते चढ-उतार बघून. मग चौकातून सुटणारी बस आल्यावर अशा स्टेशनाकडे पायपीट कोण करणार?

म्हणूनच कुलपं १९६३च्या आधीपासून लागत होती. डेव्हनमधली लिंटन-बार्नस्टेपल ही छोटी गाडी १९३५ मध्ये थांबली. नॉरफोककडच्या मिडलंड अँड ग्रेट नॉर्दर्न या रेल्वेचं बहुतेक जाळं १९५९ मध्ये बंद झालं. पुढे ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष झालेले बीचिंग तेव्हा रेल्वेत आलेही नव्हते.

शहरं वाचली, हेही चूक. ग्लासगोचं सेंट इनॉक १९६६ मध्ये, नॉटिंगहॅम व्हिक्टोरिया १९६७ मध्ये आणि मँचेस्टर सेंट्रल १९६९ मध्ये बंद झालं. नॉटिंगहॅमचा घड्याळाचा मनोरा तेवढा मॉलला चिकटून उभा आहे.

आता ‘एका अधिकाऱ्याने’. बीचिंग यांना मी सोडून देत नाही. २,३६३ स्टेशनं बंद करा म्हणणारा अहवाल त्यांचाच, आणि त्यातली प्रवाशांची मोजणी एप्रिल १९६१ मधल्या एका आठवड्याची. समुद्रकाठच्या स्टेशनांवर गर्दी उसळते ती जुलै-ऑगस्टमध्ये! पण अहवाल म्हणजे शिफारस. मार्ग बंद करायला सही लागायची वाहतूकमंत्र्यांची. तेव्हाचे मंत्री अर्नेस्ट मार्पल्स स्वतः रस्ते बांधणाऱ्या कंपनीचे संस्थापक-भागीदार राहिलेले. मोठ्या प्रमाणावर मार्ग बंद करणं थांबवू, असं सांगत मजूर पक्ष १९६४ मध्ये निवडून आला. बीचिंग यांनी १९६५ मध्ये रेल्वे सोडली. सह्या होतच राहिल्या.

स्कॉटलंडच्या सीमेवरचा वेव्हर्ली मार्ग त्यातलाच. जानेवारी १९६९, शेवटची रात्रगाडी. न्यूकॅसलटनच्या लोकांनी फाटक लावून घेतलं आणि रुळांवर ठाण मांडलं. पोलिसांनी गावच्या पाद्रींनाच अटक केली. स्थानिक खासदार डेव्हिड स्टील त्याच गाडीत होते; ते उतरले, मध्यस्थी केली. पाद्रींना सोडलं तर गाडी सोडू, असं ठरलं आणि लंडनकडे निघालेली गाडी बऱ्याच उशिराने हलली. हा मार्ग बीचिंग यांच्या यादीत होता हे खरं, पण बंद केला मजूर सरकारने.

एडिनबराकडून ट्वीडबँकपर्यंतचा तुकडा २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. न्यूकॅसलटन त्याच्या बरंच दक्षिणेला आहे. तिथे अजून गाडी नाही.