छत्र्यांवर लावलेल्या मुली

गेल्या महिन्यात आई शांघायला येऊन गेली. त्यातला एक रविवार अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मी इथे सात वर्षं नोकरी करतेय आणि आई पहिल्यांदाच आली. आधी कोविड, मग 2020 पासून बंद पडलेली थेट विमानं. विमान बदलत एकटीने यायचं म्हटलं की ती कच खायची. 2025 च्या शेवटी दिल्लीहून थेट विमान सुरू झालं, तेव्हा कुठे तयार झाली.

मेट्रोत एका मुलाने उठून तिला जागा दिली. "आयी," म्हणाला, "बसा." आई चमकलीच! मावशी-काकूच्या वयाच्या बाईला चिनीत ‘आयी’ म्हणतात. मग दिवसभर कुणी कुणालाही आयी म्हटलं, की ही वळून बघायची.

सकाळी यू-युआन बाग पाहिली. फान युन-तुआन नावाच्या अधिकाऱ्याने 1559 मध्ये म्हाताऱ्या वडिलांच्या सुखासाठी ती बांधायला घेतली. ‘यू’ म्हणजे आनंद, समाधान. पण मध्ये त्याला दूर सिच्वानला नेमणूक मिळाली आणि काम खरं मार्गी लागलं ते 1577 मध्ये. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आई तळ्यातले मासे बघत होती. "अठरा वर्षं बाप वाट बघत बसला म्हणजे," एवढंच म्हणाली. मला पुढचं वाचवेना.

दुपारी ‘बंड’वर, म्हणजे शांघायच्या जुन्या इमारतींच्या नदीकाठच्या रस्त्यावर गेलो. तिथल्या टोकदार हिरव्या छपराच्या इमारतीकडे बोट दाखवून मी सांगितलं, ही 1929 ची, व्हिक्टर ससूनची. ज्यांच्या देणगीतून पुण्याचं ससून रुग्णालय उभं राहिलं, त्या डेव्हिड ससूनचा हा पणतू. माझा जन्म ससूनमधलाच. या घराण्याच्या पैशात मुंबईहून चीनला येणाऱ्या अफूचाही वाटा होता, हे सांगितल्यावर तिने हातातली दशमी तशीच गुंडाळून पिशवीत ठेवली.

आणि मग पीपल्स पार्क. तिथला लग्नाचा बाजार मला आईला दाखवायचा नव्हता. आम्ही नुसतं सावलीत बसायला म्हणून शिरलो होतो. दर शनिवार-रविवारी इथे शेकडो आईबाप जमतात. जमिनीवर उघडी छत्री ठेवतात, तिच्यावर चिमट्याने कागद लावतात आणि शेजारी छोट्या स्टुलावर बसून राहतात. कागदावर मुलाचं नाहीतर मुलीचं जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचं घर आहे का, शांघायची रहिवासी नोंदणी आहे का. मुलं स्वतः बहुधा तिथे नसतातच.

एक अक्षर वाचता येत नसताना आईला पाचव्या मिनिटाला सगळं कळलं. "हे वधूवर मंडळच की गं!"

मी तेहेतीस वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी आईने मला न विचारता माझं नाव एका मंडळात घातलं होतं, तेव्हा मी पंधरा दिवस तिच्याशी बोलले नव्हते. या बाजाराचे व्हिडिओ मी मैत्रिणींना पाठवून हसलेय. ते चुकलं माझं.

आई एका निळ्या छत्रीपाशी थांबली. तिथल्या बाईने आधी मला न्याहाळलं, मग आईला. मुलगी 1991 ची, एकुलती एक, बँकेत. मी विचारलं, तुम्ही इथे येता हे तिला माहीत आहे का? बाईने नाही म्हणून मान हलवली. "तिला वाटतं मी नाचाच्या वर्गाला जाते." मी आईला सांगितलं. आई काही बोलली नाही. खाली वाकली, वाऱ्याने सुटलेला कागदाचा कोपरा नीट केला आणि चिमटा परत लावला. मग पिशवीतली दशमी काढून त्या बाईच्या हातावर ठेवली. दोघी एकाच स्टुलावर अर्ध्या-अर्ध्या बसल्या आणि मी दुभाषी होऊन उन्हात उभी.

माझं मत बदललेलं नाही. बाईमाणसाचं वय आणि पगार छत्रीवर टांगणं मला आजही मान्य नाही. इथे लग्न न झालेल्या, तिशीकडे झुकलेल्या मुलींना ‘शंग-न्यू’ म्हणतात, म्हणजे ‘उरलेल्या’. 2007 मध्ये तर चीनच्या शिक्षण मंत्रालयाने हा शब्द नव्या शब्दांच्या यादीत घेतला. संतापायचं तर त्या शब्दावर संतापा, तो रुजवणाऱ्यांवर संतापा. पण स्टुलावर बसलेल्या आयांना हसू नका. यांतल्या काहींचं तारुण्य सांस्कृतिक क्रांतीत खेड्यात राबण्यात गेलं. 1980 पासून 2015 पर्यंत सरकारने बहुतेक शहरी घरांत एकच मूल होऊ दिलं. त्या एका मुलाच्या काळजीने ही माणसं थंडी-पावसात येऊन बसतात, आणि घरी खोटं सांगून येतात, कारण आपल्या मुलांना याची लाज वाटते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. माझ्या आईलाही ते ठाऊक होतं. म्हणूनच तिने मला विचारलं नव्हतं.

परतताना मेट्रोत मी तिला म्हटलं, "मंडळातलं नाव मी स्वतःच काढीन. पण तुझ्यावर ओरडायला नको होतं मी." तिने माझा हात मांडीवर घेतला आणि स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.

आई पुण्याला परतून तीन आठवडे झाले. दर रविवारी फोनवर आधी माझं जेवण विचारते आणि मग, "त्या निळ्या छत्रीवालीच्या पोरीचं जमलं का गं?" उद्या मी बघायला जाणार आहे.