फुगलेल्या सेलला टाचणी टोचणं ही दुरुस्ती नव्हे

रविवारी सकाळी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. वय वर्षं तेरा. एका हातात किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायचा इवलासा टॉर्च, दुसऱ्या हातात टाचणी. "मामा, सेल फुगलाय. मधोमध टोचू की कडेला?"

मी ओरडलोच. टॉर्चचं प्लास्टिक शिवणीवर उसवलं होतं आणि फटीतून चार्ज होणाऱ्या लिथियम सेलचं चंदेरी पाकीट उशीसारखं टम्म होऊन बाहेर आलं होतं. टाचणीचा सल्ला त्याला घरच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजमधून मिळाला होता. तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय: फुगलेल्या सेलला भोक पाडून हवा काढा आणि टेप लावा, मेलेला सेल रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, ३.७ व्होल्टचा कुठलाही सेल चालतो. दोन वायरी कापा, दोन जोडा, पाच मिनिटांचं काम. आणि कंपन्या मुद्दामच बॅटरी आत चिकटवून टाकतात. वर ठसठशीत अक्षरांत, 'शंभर टक्के खात्रीशीर'. ही खात्री कुणी केली?

आधी टाचणी. त्या पाकिटात हवा नसतेच. सेल म्हातारा झाला, जास्त चार्ज झाला किंवा तापला की आतलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे विद्युतभार वाहून नेणारं द्रावण, विघटित होतं आणि कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, इथिलीन असे वायू तयार होतात. यातले बरेचसे पेट घेणारे. इलेक्ट्रोलाइटचा द्रवही ज्वालाग्राही. त्यात विरघळवलेला लिथियमचा क्षार हवेतल्या दमटपणाशी गाठ पडली तरी हायड्रोजन फ्लोराइड सोडतो, आणि ते डोळ्यांना, फुप्फुसांना, कातडीला घातक असतं. आमचं पोर नीट दिसावं म्हणून तोंड अगदी जवळ नेऊन टोचायच्या बेतात होतं.

पुढचं आणखी वाईट. पाकिटाच्या आत तांब्याचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, दोन्हींवर लेप, आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारा प्लास्टिकचा पडदा. या पडद्याची जाडी साधारण २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. मेसेज म्हणतो, 'हलकेच टोचा'. कुणाचा हात इतक्या बारीक अंतरावर थांबतो? टाचणी पडद्यातून गेली की सेल आतल्या आत शॉर्ट होतो, तापतो, आणि त्या उष्णतेने आतल्या रासायनिक क्रिया आणखी भडकतात.

बॅटऱ्यांच्या प्रयोगशाळांमध्ये हेच मुद्दाम करतात. चीनच्या जीबी/टी ३१४८५ या २०१५च्या मानकात विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या सेलची अशीच चाचणी होती: पूर्ण चार्ज केलेल्या सेलमधून ५ ते ८ मिलिमीटर जाडीची पोलादी सुई आरपार घालायची, ती तशीच ठेवायची आणि तासभर पाहायचं की आग लागते का, स्फोट होतो का. सेलच्या बाबतीत वाईटात वाईट काय घडू शकतं हे तपासायची ही रीत. ती घरच्या टेबलावर, तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती 'उपाय' म्हणून द्यायची? टॉर्चचा सेल गाडीच्या सेलपेक्षा खूपच लहान, त्यात ऊर्जाही कमी, हे मला मान्य आहे. पण गाडीचा सेल कुणी चिमटीत धरून डोळ्यांसमोर नेत नाही.

आणि टेप लावून भोक बंद होत नाही. दमट हवा आत शिरत राहते, आणि मेसेजच्या मते पुढची पायरी काय, तर तो पुन्हा चार्जिंगला लावा!

फ्रीझरचं थोडक्यात. चांगला सेल थंड जागी ठेवला तर सावकाश जुना होतो, एवढंच त्यात खरं. मेलेला सेल गारठून जिवंत होत नाही. उलट शून्य अंशाखाली असतानाच चार्ज केला तर आत लिथियम धातूचा थर बसतो आणि तोच पुढे शॉर्ट करू शकतो.

'३.७ व्होल्टचा कुठलाही सेल' हा मुद्दा साळसूद दिसतो, म्हणून लोक फसतात. सेल चार्ज किती अँपिअरने होणार हे टॉर्चमधली पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, ठरवते. टीपी४०५६ ही अशा कामाला सर्रास वापरली जाणारी चार्जिंग आयसी, म्हणजे चिप. तिच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, सरळ तक्ता आहे: करंट ठरवणारा रेझिस्टर १० किलोओहमचा असेल तर १३० मिलिअँपिअर, १.२ किलोओहमचा असेल तर १००० मिलिअँपिअर. आता १००० वाल्या पाटीला १०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेचा चिमुकला सेल जोडला, तर त्याच्या क्षमतेच्या दहापट करंट त्यात कोंबला जाईल. शिवाय काही सेलच्या डोक्यावर पिवळ्या टेपखाली जास्त चार्जिंग आणि शॉर्टपासून वाचवणारी संरक्षक पट्टी असते, काहींना नसते. आणि चकतीसारखा सेल असेल तर अक्षरं नीट वाचा: एलआयआर२०३२ चार्ज होतो, सीआर२०३२ कधीही चार्ज करायचा नसतो. आकार मात्र दोन्हींचा सारखाच.

वायरींबाबत एकच सांगतो. कटरने लाल आणि काळी एकदम कापली की कटरचं पातंच दोन्ही जोडतं आणि ठिणगी उडते. आधी लाल कापा, टोकाला टेप गुंडाळा, मग काळी. डाग (सोल्डर) द्यायचा तो संरक्षक पट्टीवरच्या वायरींना. पाकिटातून निघणाऱ्या पत्र्याच्या जिभांना सोल्डरिंगची इस्त्री लावू नका. त्यातली एक अ‍ॅल्युमिनियमची असते, तिला साधा डाग धरत नाही, आणि धरत नाही म्हणून माणूस सेल तापवत बसतो.

राहिला कंपन्यांचा मुद्दा. तो, नाइलाजाने म्हणतो, अर्धा बरोबर आहे. एलईडी हजारो तास टिकतो, सेल काही शे चार्जिंगमध्ये थकतो, आणि तरी टॉर्च गोंदाने बंद. पाणी आत जाऊ नये हे कारण काही ठिकाणी खरं असतं, सगळीकडे नाही. युरोपीय संघाने २०२३/१५४२ हा बॅटरी नियम उगाच केलेला नाही. १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, उपकरणातली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे, असं त्यात आहे. सेल बदलावाच, मीही बदलतो. पण कंपनीने गोंद लावला म्हणून मुलांच्या हातात टाचणी देणं कसं काय योग्य ठरतं?

भाच्याला त्या दिवशी टॉर्च दाबू न देता, चार्जिंगला न लावता, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी मी जाऊन सेल सोडवला, दोन्ही टोकं वेगवेगळी टेपने झाकली आणि तो ई-कचऱ्यात दिला. जुन्या सेलवर ४०१२३० असा आकडा होता: जाडी ४ मिलिमीटर, रुंदी १२, लांबी ३०. मी नेलेला नवा सेल ५०१२३० निघाला. एका मिलिमीटरने झाकण बसेना. भाचा म्हणाला, "जरा दाब ना, बसेल." नाही दाबला. ४०१२३० मागवलाय. तोवर त्याचा टॉर्च माझ्या टेबलावर उघडाच पडलाय.