घोरपड घरात शिरली की 'ठेचून टाका' म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

पावसाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरू लागतो: 'घोरपड महाविषारी, तिची फुंकर लागली तरी माणूस दगावतो, घरात दिसली की ठेचून टाका.' साफ खोटं आहे. तिच्या फुंकरीने कुणी मरत नाही. कोपऱ्यात कोंडली गेली की ती गळा फुगवते, फूस्स करते, शेपटीचा सपकारा मारते. सगळा आव माणसाला लांब ठेवण्यासाठी. चावलीच, तर जखम खोल होऊ शकते. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

ती येते उंदरांच्या, अंड्यांच्या मागावर, बहुधा मोरीतून नाहीतर खुराड्याकडून. पोरं आणि कुत्रं बाहेर काढा, आतल्या खोल्यांची दारं लावा, बाहेरचं सताड उघडं ठेवा आणि बाजूला व्हा. बहुतेकदा आपली आपण निघून जाते. कपाटामागे घुसली तर शेपटी धरून ओढू नका, नख्या रोवून बसते ती. वनविभागाला १९२६ वर फोन लावा.

आणि ठेचायचं म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मारलीत तर किमान ३ वर्षं कैद. नशीब उघडतं असं सांगून 'हत्ताजोडी' नावाची मुळी विकतात ना, तीही मुळी नव्हे. नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं ते!