चावलेली झांज

शेवटच्या गाण्याला आमच्या गायकाला उडी मारायची हुक्की आली. उडी छान होती, उतरायची जागा चुकली. त्याचा पाय केबलमध्ये, केबल माझ्या ड्रमसेटच्या स्टँडमध्ये आणि त्यावरची 16 इंची क्रॅश झांज थेट मंचाच्या लोखंडी कडेवर. एरवी ‘झ्यांऽऽ’ करत लांबत जाणारी बया ‘खळ्ळ’ म्हणाली आणि गप्प झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, असाच शेवट बसवलाय.

घरी येऊन कडेवरून नख फिरवलं. एका जागी अडकलं. तडा इंचभर आत जाऊन, पुढे झांजेवरच्या गोल रेघेत शिरून ऐटीत वळला होता.

“वेल्डिंग कर की!” हे मला चौघांनी सांगितलं. चौघांपैकी एकानेही कधी झांज हातात धरलेली नाही. चांगल्या झांजेचं कासं म्हणजे बहुतेकदा 80 टक्के तांबं, 20 टक्के कथील. कडक, पण ठिसूळ. वेल्डिंगची आच लागली की त्याचं पाणी उतरतं आणि झांज ताटासारखी वाजते. डिंक सुचवणाऱ्याबद्दल मी काही बोलणार नाही.

खरा उपाय त्याहून भयंकर निघाला. तड्याच्या टोकाला भोक पाडायचं! टोकाशी एकवटलेला ताण भोकाच्या गोलाईत पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही. खाली लाकडी ठोकळा, 3 मिलिमीटरचं बिट, ड्रिल अगदी हळू. सोनेरी कीस निघाला, जीव हळहळला. भोक देखणं पडलं. भिंगातून पाहिलं तर तडा त्याच्या शेजारून सटकून दोन मिलिमीटर पुढे गेलेला. दुसरं भोक.

“बाजारात भोकं पाडलेल्या झांजा जास्त पैशांना मिळतात,” मी बायकोला म्हणालो. ती भोकं मोजत होती.

तरी खरखर जाईना, कारण तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासत होत्या. शेवटी दोन्ही भोकांसकट तो तुकडाच कमानीसारखा कापून काढला. मग संध्याकाळभर कानस आणि पॉलिश पेपर. एक जरी कोपरा राहिला तर पुढचा तडा तिथूनच. आता झांज कुणी चावा घेतलेल्या बिस्किटासारखी दिसते. नाद थोडा आखूड झालाय, पण नाद आहे.

गंमत म्हणजे तिचा तोल गेलाय. माझ्याकडे कलती लावली की जड बाजू फिरून माझ्यापुढे येते आणि चावा आपोआप समोर जातो. गायक माझ्याकडे वळला की पहिल्यांदा त्याला तोच दिसतो. उड्या बंद आहेत.