तीन नंबरची उचकी

चाळिशी ओलांडली की माणूस एकतर ट्रेकिंगला लागतो नाहीतर भलतंसलतं विकत घेतो. माझे गुडघे दुखतात. त्यामुळे मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत एक दोन दारांची, लाल, टर्बोवाली सेकंडहँड गाडी आली. "मागे कोण बसणार?" आईनं पहिल्याच दिवशी विचारलं. मागे भाजीची पिशवी बसते. अळूची जुडी असेल तर तीही मान वाकवून.

दोन महिने झकास गेले. मग एका संध्याकाळी घोडबंदर रोडवर, गायमुखच्या चढाला ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीला उचकी लागली. एक, दोन, मग सलग. डॅशबोर्डवर इंजिनचं पिवळं चित्र लुकलुकायला लागलं. ते नुसतं पेटलं तर माणूस शनिवारपर्यंत ढकलतो. लुकलुकलं की पाय उचलायचा, कारण न जळलेलं पेट्रोल पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भाजून निघतो. मी पाय उचलला. एक रिक्षा आम्हाला ओलांडून गेली. आतल्या तिघांनीही वळून पाहिलं.

स्कॅनर मागवला, स्टिअरिंगखालच्या खोबणीत खुपसला. कोड आला पी०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तीन नंबरचा संप. आयडलिंगला मिनिटाला ८०० फेरे धरले तर, दोन फेऱ्यांना एकदा या हिशेबानं, एकेका सिलिंडरला ४०० वेळा पेट घ्यायचा असतो. त्यातल्या काही हुकल्या की इंजिनच्या मुख्य दांड्याची, क्रँकशाफ्टची, चाल किंचित अडखळते, आणि कॉम्प्युटरला तेवढ्यावरून कळतं. चाल बदलली की ओळखणारी मंडळी आमच्या घरातही आहेत.

सोसायटीत निदानाला तोटा नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी "पेट्रोलमध्ये पाणी!" म्हणून निकाल दिला, त्यांच्या पद्मिनीला १९८५ साली तेच झालं होतं. वॉचमनचा संशय उंदरावर. आईनं न बोलता दृष्ट काढली. मी सगळ्यात शहाणा. मी प्लगला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या कॉइल मागवल्या. एक नाही, चार! बिघडली असेल तर एक, पण चारच्या सेटला सूट होती.

कॉइल बदलल्या. पी०३०३. प्लग बदलले. पी०३०३.

शेवटी वागळे इस्टेटमधल्या मेस्त्रींकडे गेलो. तिथे गाडी अशी शांत उभी राहिली, जशी दवाखान्याच्या पायरीवर पोरं ताप उतरवतात. "साहेब, मिसिंग कुठाय?" मिसिंग म्हणजे आमची उचकी. मी ओशाळलो. गाडीच्या वतीनं.

मेस्त्रींनी तीनची कॉइल एकवर लावली, एकची तीनवर, आणि एक चक्कर मारून आले. कोड एकवर सरकला तर चोर कॉइल. सरकला नाही. "हे कॉइल घ्यायच्या आधी करायचं असतं," ते म्हणाले. इंजेक्टरची अदलाबदल झाली, कॉम्प्रेशन गेज लावून पाहिला, चारही सिलिंडर सारखे. दोन शनिवार गेले. चहाचा हिशेब मी ठेवला नाही.

तिसऱ्या शनिवारी इंजिन चालू होतं आणि गॅरेजमधला पोरगा पलीकडे पडलेला पाना काढायला बोनेटमध्ये वाकला. इंजिन हिचकलं.

"थांब! कोपर कुठे टेकलं होतंस?"

पोरगा घाबरला. "मी काय नाय केलं."

"अरे, परत टेक!"

टेकलं. परत हिचकलं. तीनच्या कॉइलच्या कनेक्टरचं लॉक तुटलेलं, आणि त्यामागची वायर उष्णतेनं पापडासारखी कडक झालेली. मेस्त्रींनी नखानं आवरण सोललं तर तांब्याच्या दोनच तारा शाबूत. सपाटीवर इंजिन जागच्या जागी असायचं, तारा टेकायच्या. चढावर जोर दिला की ते माउंटिंगवर झुकायचं आणि त्या सुटायच्या. म्हणून गॅरेजमध्ये सोवळं आणि गायमुखला अवतार! कनेक्टर आणि वीतभर वायर, साडेतीनशे रुपये. पोराला मी शंभर वेगळे दिले.

परवा बायको गणपतीच्या मखरासाठी माळ्यावर चढली. श्रीखंडाचा डबा खाली घेऊन आली. आत चार कॉइल, चार प्लग.

"बिघडलेल्या आहेत का?"

"नाही, चांगल्या आहेत."

"मग काढल्या कशाला?"

मी मखराचं दुसरं टोक धरलं.